मऊ लागले म्हणून...

या सदरातून दर आठवड्याला आमच्या घरात डोकावणाऱ्या वाचकांना माझी एक सवय ठाऊक असेल. घरात दिवाळीची साफसफाई सुरू झाली, की मला विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांचा विलक्षण कळवळा येतो. डबा घेऊन मी सकाळी कॉलेजात जातो, तो दिवेलागणीला परततो. तोवर माळे झाडून झालेले असतात, पितळी भांडी चकाकत असतात आणि मला आयता चहा मिळतो. यंदा मात्र गठ्ठे वेळेआधीच तपासून झाले आणि दुसऱ्या शनिवारी, हिच्या बँकेला सुटी असताना, मी घरात अलगद सापडलो.

"समोरच्या इमारतीचा रंग कोणता?" हिने विचारले.

"फिकट पिवळा," मी खिडकीतून पाहून सांगितले.

तिने झडप उघडली. इमारत पांढरी होती.

पावसाने चिखल उडवायचा, ऑक्टोबरच्या उन्हाने तो भाजायचा आणि वर रस्त्यावरच्या धुराचे बोट फिरायचे, असा तो पिवळा रंग सिद्ध झाला होता. तावदान हा शब्द फारसी 'ताबदान'वरून आला आणि 'ताब' म्हणजे तेज, उजेड, ही माहिती मी तत्परतेने पुरवली.

"मग पाडा उजेड," असे म्हणून तिने बादली माझ्या पुढ्यात ठेवली.

आमचे घर पुण्यातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडक्या लोखंडी, जुन्या घडणीच्या. त्यांच्या बिजागऱ्या चौकटीपासून जरा पुढे काढलेल्या आहेत. झडप उघडली, की झडप आणि चौकट यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट राहते. ती फट म्हणजे कारागिराची चूक असावी, असे मी इतकी वर्षे समजत होतो. बाहेरची काच आत उभे राहून पुसता यावी म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते, हे त्या दिवशी कळले. पण दिवाणखान्याच्या खिडकीची मधली काच पक्की आहे. ती उघडत नाही. तिची बाहेरची बाजू दर वर्षी स्वच्छ कशी होते?

"मावशी करतात की," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

मावशी कशा करतात, हे विचारायची वेळच आली नाही. आमच्याकडे दहा वर्षे कामाला येणाऱ्या मावशी पदर खोचून गॅलरीत गेल्या, कठड्यावर चढल्या आणि पलीकडे उतरल्या. पलीकडे आहे खालच्या खिडकीवरचा छज्जा, जेमतेम दीड हात रुंद. एका हाताने झडपेची कड धरून, दुसऱ्या हातात साबणाची वडी घेऊन त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि काचेतून माझ्याकडे पाहून हसल्या. मी आतून, त्या बाहेरून. मध्ये तीच पिवळी काच.

"मावशी, आत या."

"घाबरू नका सर. धा वर्सं ह्येच करते मी."

त्या पाणी मारू लागल्या. साबणाचे पाणी काचेवरून ओघळून छज्ज्यावर, त्यांच्या अनवाणी पायांखाली आले. त्यांचा डावा पाय सरकला. फार नाही, चार बोटे. त्यांनी झडप दोन्ही हातांनी धरली आणि वडी खाली गेली. ती जमिनीवर आपटल्याचा आवाज यायला जो वेळ लागला, तो मला अजून आठवतो.

त्या आत आल्यावर कुणीच काही बोलेना. हिने त्यांना पाणी दिले. "हे काम आता बंद," मी म्हणालो. मावशींनी तांब्या खाली ठेवला आणि हलकेच विचारले, "मग खिडक्यांचं पैसं?"

दिवाळीच्या पगारावर खिडक्यांचे म्हणून आम्ही वेगळे पैसे देत असू. ते कापले जातील, ही त्यांची भीती. पाय घसरल्याची गोष्ट त्यांनी कधीच मागे टाकली होती. 'मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये,' ही म्हण मी वर्गात किती वेळा समजावून दिली असेल. मावशी कधी नाही म्हणाल्या नाहीत आणि आम्ही दहा वर्षे कोपराने खणत होतो. दोघेही कामावर असताना ते काम व्हायचे आणि संध्याकाळी काच स्वच्छ दिसायची, एवढेच आम्हांला माहीत.

"पैसे तेवढेच मिळतील," ही म्हणाली. "मलाच हे आधी दिसायला हवं होतं."

मग काच आतूनच धुवायची असे ठरले. मी काठीला स्पंज बांधला आणि बाजूच्या उघड्या झडपेतून काठी बाहेर घालून मधली काच घासू लागलो. कपड्यांचा साबण किसून मी बोअरच्या पाण्यात कालवला होता. मावशी बादली धरून सूचना देत होत्या. काच धुतली, तेव्हा सुरेख दिसली. अर्ध्या तासाने वाळली, तेव्हा तिच्यावर ताकासारखा पांढुरका थर आला होता. इमारत पुन्हा पांढरी राहिली, पण आता सगळे जगच पांढरे झाले होते.

बारावीत विज्ञान शिकणाऱ्या आमच्या कन्येने निदान केले. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली, की पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो आणि तो काचेवर बसतो. साबण वाढवला, की साकाही वाढतो. शिवाय मी धुतले भर उन्हात. धुऊन काढायच्या आतच पाणी वाळले होते.

"मऊ साबण घ्या, बाबा," ती म्हणाली. आपल्या नेहमीच्या वड्या कॉस्टिक सोड्याच्या. त्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरले, की साबण घट्ट होत नाही, मलमासारखा किंवा पातळच राहतो आणि पाण्यात चटकन विरघळतो. असा साबण घरात होताच. गुलाबावरच्या माव्यावर फवारण्यासाठी हिने रोपवाटिकेतून आणलेली ती बाटली! पण जड पाण्यात हाही साबण साका धरतो, अशी ताकीद कन्येने दिली. तेव्हा आधी पाणी बदलायचे.

दुसऱ्या दिवशी, ऊन खिडकीवर यायच्या आत, आम्ही पुन्हा उभे राहिलो. आधीचा पांढरा थर थोडे व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसून काढला आणि काच साध्या पाण्याने धुतली. मग नळाच्या, म्हणजे धरणात साठलेल्या पावसाच्या पाण्याने अर्धी बादली भरून त्यात मऊ साबण फक्त एक चमचा. धूळ आधी ओली करून घ्यायची. कोरडी घासली, तर तिच्यातली वाळू काचेवर चरे पाडते. धुवायचे वरून खाली. मग पुन्हा स्वच्छ पाणी, आणि वाळायच्या आत रबराच्या पट्टीने ते ओढून घ्यायचे. कडा जुन्या धोतराच्या तुकड्याने टिपायच्या. मळ सैल करण्यापुरता साबण; बाकी काम पाण्याचे. मावशींनी आतून डाग दाखवायचे आणि मी काठी चालवायची, अशी वाटणी झाली. त्यांना माझे काम फारसे पसंत पडले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण खिडक्यांचे पैसे त्यांनी त्याच दिवशी, मोजून, पदराला बांधले.

काच आरशासारखी झाली. फक्त वर मध्यावर, तळहाताएवढी जागा पिवळी राहिली. तिथे काठी पोचत नाही.

भाऊबिजेला हिचे बंधू आले. फराळ करता करता त्यांची नजर नेमकी तिथे गेली.

"एवढी छान काच, आणि तो डाग कसा राहिला? कुणाला तरी छज्ज्यावर उभं करायचं. दोन मिनिटांचं काम आहे."

हिने लाडवांचे ताट त्यांच्यापुढे केले.

"दादा, तू राहतोस उभा?"

दादांनी लाडू उचलला.