13 वर्षांनी साक्ष: पोलिसांना सगळं आठवतं कसं?
जळगाव घरकुल घोटाळ्याचा गुन्हा 2006 मध्ये नोंदवला गेला. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 आरोपींना दोषी ठरवलं ते 31 ऑगस्ट 2019 रोजी. एवढ्या काळात अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, तपशील पुसट होतात.

म्हणून साक्षीआधी अधिकारी पंचनामे, जबाब पुन्हा वाचून काढतात. साक्ष देताना केस डायरी पाहिली, तर तेवढ्या नोंदीवरून उलटतपासणी घेण्याचा हक्क आरोपीलाही मिळतो. कागदावर नसलेला मुद्दा साक्षीत आला, की प्रश्न ठरलेला: तेव्हा का लिहिलं नाही? उत्तर पटलं नाही, तर संशयाचा फायदा आरोपीला मिळू शकतो.

1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलिसांची साक्ष व्हिडिओद्वारेही घेता येते. प्रवास वाचेल, पंचनाम्यातली चूक मात्र पडद्यावरही सुटणार नाही.