कल्हई आणि टेफ्लॉन

निविदांतील स्वस्ताईवर मी ऊठसूट तोंडसुख घेतो, अशी तक्रार करणाऱ्या वाचकांना या आठवड्यात समाधान वाटावे. कारण या खेपेस काम फसले ते महाग माल घेऊन. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्यात 240 अंशांच्या तप्त तेलाच्या वाहिनीवर ‘टेफ्लॉन नळी’ हवी, अशी मागणी यंत्रविभागाने खरेदीखात्याकडे धाडली, आणि खात्याने दुधट रंगाचे दोन नमुने नामंजूर करून तिसरा, काचेसारखा स्वच्छ असा नमुना मंजूर केला. तो दुसऱ्याच पाळीत मऊ पडून लोंबकळू लागला. पारदर्शकतेचा एवढा सोस आमच्या दप्तरांना अन्यत्र कधी जडल्याचे ऐकिवात नाही.

खुलाशात खात्याने नळी टेफ्लॉनचीच होती असे लिहिले, आणि ते खरेही होते. कारण हे व्यापारी नाव एका पदार्थाचे नसून अख्ख्या कुळाचे आहे. 1938 साली रसायनशास्त्रज्ञ प्लंकेट यांना वायूच्या रिकाम्या वाटणाऱ्या नळकांड्यात जी पांढरी पूड सापडली ती पीटीएफई. ती 260 अंशांपर्यंत अखंड राबते. ती 327 अंशांच्या आसपास वितळते खरी, पण वाहत नाही. म्हणून तिची पूड पातळ तेलकट द्रवात भिजवून, कुरडईचा चीक सोऱ्यातून दाबावा तशी थंडच दाबतात, द्रव उडवून लावतात आणि मग भट्टीत भाजतात. धाकटी बहीण एफईपी साध्या प्लॅस्टिकसारखी वितळवून ओढता येते, दिसते नितळ, पण 200 अंशांपलीकडे तिचा भरवसा नाही.

मात्र या नळ्यांचा स्वभाव मला उमगला तो कल्हईवाल्यामुळे. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवायचे तर आधी कल्हई हवी. नवसागराने तापलेले भांडे निर्मळ करून तो कथलाचा हात फिरवी, आणि कथील पितळेशी असे एकजीव होई की ते झिजे, पण सुटत नसे. पोलादी तारांच्या विणीत बसविलेली पीटीएफईची नळी वरकरणी हीच चाकरी करते: आम्ल आत, धातू बाहेर. कथील तर 232 अंशांनाच पाघळते, म्हणजे इथे नव्याची सरशीच. पण कल्हई उपयोगी पडते ती चिकटते म्हणून, आणि टेफ्लॉन उपयोगी पडते ते चिकटत नाही म्हणून. आणि ज्याला काही चिकटत नाही ते स्वतःही कुणाला धरून राहत नाही. सबब नळी आणि वीण यांचा संसार केवळ शेजारधर्माचा: दाब विणीने सोसायचा, आम्ल नळीने. आत निर्वात झाले की नळी अंग चोरून चपटी होते. सांध्यावरचा पट्टा फार आवळला की ती थंडपणेच हळूहळू सरकते, आणि काही दिवसांनी सांधा पाझरू लागतो. कल्हई उडाली तर गृहिणीला दिसे. विणीआडची घडी कुणाला दिसावी?

उद्योगपती वालचंद हिराचंदांनी 1940 साली विमानांचा कारखाना काढला त्याच या शहरात, जिथे विमानाच्या इंजिनापासून रुग्णाच्या शिरेतल्या बारीक नळीपर्यंत हे कूळ पोचले आहे, तिथे मागणीपत्रावर चार अक्षरे आणि तापमान लिहिण्याची कुणाला फुरसत नसावी! आपल्या सरकारला तरी या पदार्थाची कितपत आस्था होती म्हणा. मूळच्या रसायनीच्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सची कन्या हिंदुस्तान फ्लुरोकार्बन्स हैदराबादजवळ पीटीएफई बनवीत असे, ती बंद करण्याचा निर्णय 2020 साली झाला. तोट्याचे कारण दाखविले गेले. आमच्याकडे तोटा दाखविणे हे नेहमी नफा कमावण्यापेक्षा सोपे असते, हे मी पूर्वीही लिहिले आहे आणि पुराव्यावाचून पुन्हा लिहितो.

असो. पीण्याच्या यंत्रविभागाने आता ‘पीटीएफई, 260 अंश, पोलादी विणीसह’ अशी रीतसर मागणी धाडली होती. ती काल परत आली. शेऱ्यात एवढेच होते की, सदर नळीच्या आतील प्रवाह विणीमुळे दिसणार नसल्याने पारदर्शक पर्यायाची तीन दरपत्रके जोडावीत.

— कारखानीस