ताटभर लोणची आणि भात नाही

मंडळी, इथे न्यू जर्सीत दर शुक्रवारी रात्री मी लेकाबरोबर 'मॅजिक: द गॅदरिंग' खेळायला जातो. (हसू नका!) रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने १९९३ साली आणलेला हा पत्त्यांचा खेळ. किमान ६० पत्त्यांचा डेक आपणच निवडून न्यायचा आणि समोरच्याचे २० गुण संपवायचे.

लेकाचा डेक फक्त हिरवा. हिरव्याचं बळ म्हणजे दांडगे प्राणी. त्यांच्या साथीला मंत्र कोणते घ्यावेत? दुकानातले जाणकार म्हणाले, "एकच रंग म्हणजे उणिवा फार. प्रत्येक संकटावर एकेक उतारा ठेवा." मीही मान डोलावली. प्राणी काढून उतारे भरले. पोराच्या हातात नुसते उतारे आले, प्राणी एकही नाही. घरी येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही.

अहो, साधं गणित आहे! एका पत्त्याची एकच प्रत ठेवली तर पहिल्या ७ पत्त्यांत ती येण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. चार ठेवल्या तर ४०. मग तो एकुलता उतारा वेळेवर येणार कधी?

साथीदार मंत्राने मुख्य काम पुढे न्यावं. 'जायंट ग्रोथ' आपल्या प्राण्याला त्या फेरीपुरतं ३ने बलवान करतो, 'प्रे अपॉन' त्याला शत्रूच्या प्राण्याशी झुंजवतो. दोन्ही एकेका मॅनात! पण प्राणीच नसेल तर दोन्ही फुकट. म्हणून चार-चार प्रती घ्या, बस्स. बाकी उणीव पत्करा.

येत्या शुक्रवारी हरलो तरी चालेल, पण आपल्या डेकने हरू.