मताचा हक्क आणि पोटाची चिंता

राज्यघटनेनें धनिकाच्या व मजुराच्या मताचें मोल सारखेंच ठरविलें आहे, हें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं नागरिकशास्त्रांत वाचलेलेंच असेल. परंतु ज्याची भाकरी दुसऱ्याच्या मुठींत, त्याचें मत त्याच्या स्वतःच्या मुठींत कितपत राहतें? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. आपल्या करवीर संस्थानचा इतिहासच तें देतो.

महारवतन म्हणजे काय, हें आजच्या मुलांस ठाऊक नसेल. जमिनीचा एखादा तुकडा, थोडेंसें बलुतें, आणि त्याच्या मोबदल्यांत साऱ्या गांवाची व सरकारची चाकरी! हांक येईल तेव्हां, रात्रीं-अपरात्रीं, घरांतील कोणासही जावें लागे. नांव वतनाचें, व्यवहार दास्याचा. अशा मनुष्याच्या हातीं कोणी मताची चिठ्ठी दिली असती, तरी तिच्यावर गांवकारभाऱ्यांच्याच मर्जीचा शिक्का उमटला असता. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१८ सालीं हें वतन रद्द करून त्या जमिनी रयताव्यानें त्या त्या कुटुंबांच्या नांवें करून दिल्या. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम त्याच्या आधींच, १९१७ सालीं, निघाला होता. व्याख्यानांतील समतेपेक्षां महसूल-दप्तरांतील समता अधिक टिकाऊ, हें महाराजांनीं ओळखलें होतें, असें आम्हांस वाटतें.

मग आधीं पोट आणि मागाहून हक्क, असें म्हणावें काय? तसेंही नव्हे. मुंबई इलाख्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं याच वतनाविरुद्ध १९२८ सालीं कायदेमंडळांत बिल आणलें. तें पार पडलें नाहीं. त्या काळीं मताधिकार मुख्यतः मालमत्ता व करभरणा यांवर अवलंबून असे. म्हणजे ज्यांचें दुःख मांडावयाचें, त्यांतील बहुतेकांना मतच नव्हतें. १९५० सालीं घटनेनें प्रौढ मताधिकार दिला, आणि १९५८ सालीं मुंबई राज्यानें कनिष्ठ ग्रामवतनें रद्द करणारा कायदा केला. करवीरांत जें एका हुकुमानें झालें, त्यास तिकडे आणखी चाळीस वर्षें लागलीं. अर्थात् येथें राजा भला होता. प्रत्येक पिढीला शाहू महाराज लाभत नाहींत!

२५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितीपुढें बाबासाहेबांनीं इशारा दिला, त्याचा आशय असा कीं, राजकारणांत समता व आर्थिक जीवनांत विषमता हा विसंवाद फार काळ चालला, तर विषमतेनें पोळलेले लोक ही लोकशाहीच उधळून लावतील.

आपल्या पेठेंतील गांधी मैदानावर निवडणुकीच्या सभा भरतात. तेथें उमेदवारांस शेतमजुराच्या मजुरीविषयीं व गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाविषयीं कोणी प्रश्न विचारतो कीं नाहीं, हें ऐकण्यास पालकांनीं एकदां मुलांना बरोबर न्यावें.