पायापुढचा उजेड

आठवडी बाजारात अंधार पडू लागला की बॅटरीवाल्याकडे गर्दी होते. गिऱ्हाईक थांबले की तो एक बॅटरी उचलतो आणि झोत थेट गावाच्या पाण्याच्या टाकीवर टाकतो. टाकीवरची अक्षरे लख्ख दिसतात आणि सौदा तिथेच ठरतो. खोक्यावर ‘१०,००० ल्युमेन’ छापलेले, किंमत अडीचशे-तीनशे. घेणारे बहुतेक शेतकरी. मोटारीची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते, आणि रात्री दारे धरायची तर बॅटरीवाचून पाऊल टाकता येत नाही.

पण टाकीपर्यंत पोचणारा झोत दारे धरणाऱ्याच्या कामाचा नाही. त्याला सांभाळायचे असतात ते पायापुढचे दहा-बारा फूट. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. घोणस आणि फुरसे मातीत, पाचटात असे मिसळून जातात की दिवसाही चटकन दिसत नाहीत. बिबट्याचे डोळे उजेडात लांबून चमकतात, सापाचे तसे चमकत नाहीत. साप दिसायचा तर त्याचे अंगच दिसले पाहिजे. अरुंद झोताची बॅटरी पायाशी धरली तर मधे डोळे दिपवणारा एक गोल पडतो आणि त्याच्या कडेला अंधार आणखी गडद होतो. साप असतो तो त्या कडेला, बांधाच्या गवतात. म्हणून शेतासाठी पसरट उजेडाचीच बॅटरी घ्यावी, आणि उजेड निळसर नको. निळसर उजेडात तपकिरी रंग मरतो, माती आणि साप एकसारखे दिसू लागतात. ४,००० ते ५,००० केल्विनचा, किंचित उबदार पांढरा उजेड त्याहून पुष्कळ बरा.

आता त्या दहा हजार ल्युमेनचे. घरी बंद पडलेली अशीच एक बॅटरी मी उघडली. आत एकच लिथियम सेल, ज्याला १८६५० म्हणतात तो : १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. वर छापलेले ९,९०० एमएएच. हातात घेतला तेव्हाच पोकळ वाटला, म्हणून सोनाराच्या काट्यावर ठेवला. ३० ग्रॅमसुद्धा भरला नाही. या मापाचा अस्सल सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो, आणि चांगल्यात चांगल्या कंपनीचाही ३,५०० एमएएचच्या आसपास थांबतो. नऊ हजार नऊशे त्यात मावतच नाहीत. पुढचा हिशेब कुणालाही करता येईल. अस्सल ३,००० एमएएचच्या सेलमध्ये जेमतेम ११ वॅट-तास वीज साठते. एका वॅटला शंभरेक ल्युमेन धरले, तर दहा हजार ल्युमेनला शंभर वॅट लागतील. तेवढी वीज हा सेल द्यायला गेला तर सहा-सात मिनिटांत रिकामा होईल, आणि त्याआधी बॅटरी हातात धरवणार नाही इतकी तापेल. त्याच सेलवर ३०० ल्युमेन मात्र तीन-साडेतीन तास मिळतात. शेताला तेवढे भरपूर होतात.

दारे धरणाऱ्याचे दोन्ही हात फावड्याला लागलेले असतात. बॅटरी काखेत धरायची, नाहीतर दातांत. पाणी फोडायला वाकले की उजेड भलतीकडेच जातो. ही अडचण डोक्याला बांधायच्या बॅटरीने सुटते. मान वळेल तिकडे उजेड, हात मोकळे. आपल्याकडे ती डोंगर चढणाऱ्यांची वस्तू समजली जाते. तिची खरी गरज उसाच्या सरीत आहे. जुन्नर, आंबेगावसारख्या बिबट्याच्या पट्ट्यात जोडीला लांब झोताची एक बॅटरी हाताशी असावीच. पण खोक्यावरचे ‘५०० मीटर’ वाचताना एवढे ध्यानात ठेवावे : ज्या प्रमाण कसोटीने हे अंतर मोजतात, तिच्यात त्या टोकाला पडणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच असतो. पाचशे मीटरवरचे जनावर त्यात ओळखू येत नाही.

आणखी एक. मागून दोन पिना निघतात आणि थेट भिंतीच्या सॉकेटात जातात, ती बॅटरी घरात आणू नये. स्वस्त मालात आतले सर्किट घरच्या विजेपासून वेगळे केलेले नसते, आणि ओल्या हातांनी काढायला गेले तर झटका बसू शकतो. यूएसबीच्या वायरने चार्ज होणारी घ्यावी. पाण्यासाठी आयपीएक्स ७ पाहावे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालते. सेल बाहेर काढता येणारा हवा, आणि त्यावर आयएस १६०४६ हा भारतीय मानकाचा क्रमांक हवा. हे सगळे जमून येणारी बॅटरी हजार-दीड हजारात मिळते. अडीचशेची बॅटरी दर पावसाळ्यात नवी घेणाऱ्याला ती महाग पडत नाही.

तरीही सगळा भार गिऱ्हाइकावर टाकणे न्यायाचे नाही. बाजारात उभा असलेला माणूस सेलचे वजन करू शकत नाही. मालाचे खोटे वर्णन करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल ठरते, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण तिच्याबद्दल उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. एका सेलच्या बॅटरीवर ‘१०,००० ल्युमेन’ छापणे हे असेच खोटे वर्णन आहे, आणि त्याच्या भरवशावर माणसे मध्यरात्री अनवाणी पाण्यात उतरतात. या कायद्याखालची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. अर्जासोबत रिकामे खोके जोडावे, आणि सेलही.