टॅबी: बगदादचे काय आणि मांजराचे काय

मांजरप्रेमी मंडळींत एक कथा ठरलेली आहे. पट्टेरी मांजराला इंग्रजीत ‘टॅबी’ म्हणतात, कारण ते मूळचे बगदादच्या अत्ताबिया मोहल्ल्यातले. यातले बगदाद खरे, मोहल्लाही खरा. मांजर तेवढे मागाहून घुसवलेले.

अत्ताबियाचा लौकिक कापडाचा. ११८४ साली बगदादला गेलेल्या इब्न जुबैर या प्रवाशाने तिथल्या रेशीम-सुताच्या, नाना रंगांच्या अत्ताबी कापडाची नोंद केली आहे. स्पेनमधल्या अल्मेरियातही ते विणले जाई. फ्रेंचांच्या तोंडी त्याचे ‘ताबी’ झाले आणि सतराव्या शतकात इंग्रजांनी ‘टॅबी’ केले. लंडनकर सॅम्युअल पीप्सच्या १६६१च्या रोजनिशीत टॅबी भेटते ती बंडीच्या रूपात, सोनेरी लेस लावलेली. (तीही नकली टॅबीची, साहेबांचा थाट!) मांजराला हे विशेषण चिकटले ते त्या शतकाच्या अखेरीस.

ते का, हे कापड पाहिल्यावर कळते. दमट केलेले रेशीम दुमडून जड रुळांखाली दाबले, की घडीतले धागे एकमेकांवर नेमके बसत नाहीत. काही चपटे होतात, काही उठून राहतात. मग उजेडात कापडावर पाण्यासारख्या नागमोडी रेषा हलताना दिसतात. उन्हात आळस देणाऱ्या पट्टेरी मांजराची कूस पाहा, तिथे हेच दिसेल.

काहीजण टॅबिथा या बाईच्या नावाकडे बोट दाखवतात. खाष्ट प्रौढ कुमारिकेला टॅबी म्हणत, हे कबूल. पण ती थट्टा अठराव्या शतकातली. कापड आणि मांजर दोन्ही तिच्या आधीची.

‘शब्द बगदादचा, मग मांजर का नसावे?’ असा हट्ट तरीही उरतोच. पण टॅबी ही मांजराची जातच नव्हे, अंगावरची नक्षी आहे. अनेक जातींत ती आढळते. आफ्रिकी रानमांजरही पट्टेरीच, आणि प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांत पट्टेरी मांजरे आहेत. तेव्हा बगदाद वसलेही नव्हते.

शिवाय हा न्याय एकट्या टॅबीला लावून कसे चालेल? पांढऱ्यावर काळी-केशरी ठिगळे असलेल्या मांजराला अमेरिकेत ‘कॅलिको’ म्हणतात, तेही छापील कापडावरून, आणि त्या कापडाचे नाव कोझिकोडवरून, म्हणजे जुन्या कालिकतवरून. मग त्या मांजराचे पूर्वजही मिरीच्या गलबतांतून केरळहून गेले, असे म्हणा की!