मारकडवाडीत न विचारलेला प्रश्न

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांतच माळशिरस तालुक्यातील मारकडवाडी हे एरवी जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसलेले गाव देशभर गाजले. यंत्राने दाखविलेली मते आम्हांस मान्य नाहीत, आम्ही आमच्या खर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहतो, अशी भूमिका तेथील काही ग्रामस्थांनी घेतली. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ३ डिसेंबरचे ते मतदान झाले नाही. पुढे सभा झाल्या, प्रतिसभा झाल्या. ज्यांच्या समर्थकांनी हा वाद उभा केला ते उत्तमराव जानकर त्याच यंत्रावर, त्याच मतदारसंघातून विजयी झाले होते, ही त्यातील गंमत. ती असो.

एका यंत्रावरून एवढे रणकंदन झाले. परंतु बटण दाबण्यापूर्वीच्या पंधरा दिवसांत मतदाराच्या दारापर्यंत काय काय येऊन जाते, तो पैसा कोणाचा असतो आणि निकालानंतर त्याची वसुली कोठून होते, हा प्रश्न काही ऐरणीवर आला नाही. हे मारकडवाडीविषयी नव्हे, सगळ्या महाराष्ट्राविषयी म्हणतो आहे. यंत्राविषयी शंका घेणे सोपे असते, कारण यंत्र कोणाचे नातेवाईक नसते. पैशाविषयी विचारायचे तर बोट आपल्याच गल्लीतल्या माणसाकडे वळते.

माळशिरस मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, म्हणून हा प्रश्न येथे अधिक टोचतो. विधानसभेच्या उमेदवाराला दहा हजार रुपये अनामत भरावी लागते. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला पाच हजार. गरिबाला उभे राहता यावे, हा त्यामागचा हेतू. परंतु त्याच निवडणुकीची खर्चमर्यादा जानेवारी २०२२ पासून चाळीस लाख रुपये करण्यात आली. हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षातला आकडा चहाच्या टपरीवरही ठाऊक असतो. पाच हजारांत अर्ज भरलेला माणूस गाड्या, डिझेल, जेवणावळी आणि बूथवरची माणसे कोठून आणणार? ज्यांच्याकडे ती आधीच आहेत त्यांच्याकडून. उसाच्या पट्ट्यात ती कोणाकडे असतात, हे सांगावयास नको. जागा राखीव होते. खर्च करणारा मात्र राखीव नसतो. २०१९ साली ऊसतोड कामगाराचा मुलगा असलेले राम सातपुते येथून आमदार झाले, ही अभिमानाची गोष्ट होती. परंतु ते शक्य झाले ते त्यांच्यामागे एक मोठा पक्ष उभा होता म्हणून. तेव्हा गरीब उमेदवाराचा प्रश्न अखेर पक्षाच्या पैशापाशीच येऊन थांबतो.

आणि नेमका तेथेच आपला कायदा पोकळ आहे. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. ही पोकळी आपोआप पडलेली नाही. १९७१ च्या निवडणुकीत दिल्लीत पराभूत झालेले जनसंघाचे कंवरलाल गुप्ता न्यायालयात गेले. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे. आणि काँग्रेसचे अमरनाथ चावला यांची निवड रद्द झाली. त्याच महिन्यात इंदिरा सरकारने अध्यादेश काढून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडले: पक्षाने किंवा हितचिंतकाने केलेला खर्च उमेदवाराचा मानू नये. आणीबाणीची चर्चा आपण पुष्कळ करतो. तिच्या आठ महिने आधीच्या या एका स्पष्टीकरणाची करीत नाही. अटलजींच्या सरकारने २००३ साली ते बदलले. उमेदवारासाठी होणारा खर्च पुन्हा त्याच्या हिशेबात आला, सवलत पक्षाच्या प्रमुख नेत्यांच्या प्रवासापुरती उरली आणि वीस हजारांवरील देणग्या जाहीर करणे पक्षांना भाग पडले. ते काम मोलाचे होते, पण अर्धेच. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादा आजही नाही.

उमेदवाराच्या हिशेबाचे काय होते, हे जून २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईच्या जाहीर कार्यक्रमात सांगून टाकले. २००९ च्या लोकसभेला आपला खर्च आठ कोटी झाला, असे ते म्हणाले. तेव्हाची मर्यादा पंचवीस लाखांची होती. आयोगाची नोटीस आली, विरोधकांनी झोड उठविली. परंतु दगड उचलणाऱ्यांपैकी कितीजणांचा हिशेब खरा होता? मुंडे बोलले एवढाच फरक. त्याच भाषणात त्यांनी निवडणुकीचा खर्च सरकारने करावा, असेही सुचविले होते. ते मात्र सर्वजण सोयीस्कर विसरले.

देणाऱ्याचे नाव झाकून पैसा स्वच्छ होत नाही, हेही आता स्वीकारले पाहिजे. २०१८ साली आलेल्या निवडणूक रोख्यांमागे रोकड हटविण्याचा हेतू सांगितला गेला, तो चांगला होता. परंतु देणगीदार मतदाराला कळत नव्हता आणि कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही २०१७ मध्येच काढून टाकलेली होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरविल्या. रोख्यांतून सर्वाधिक निधी भाजपला, सहा हजार कोटींहून अधिक, मिळाला; ते आपण झाकण्यात अर्थ नाही. कंपन्यांच्या पैशाने लोकशाहीचा गळा आवळला जाईल, हा इशारा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी टाटा पोलाद कंपनीच्या खटल्यात १९५७ सालीच दिला होता आणि संसदेने यात लक्ष घालावे, असे सुचविले होते.

लोक आपण होऊन देत नाहीत, म्हणून मोठ्यांकडे जावे लागते, असे सर्वच पक्षांचे कोषाध्यक्ष म्हणतात. याच तालुक्यातून आषाढात माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत जाते. लाखो वारकऱ्यांच्या पंगती गावे आपल्या पदरच्या धान्याने उठवितात. देणाऱ्याला आपला शेर कोठे गेला हे दिसते, म्हणून तो देतो. पक्षाच्या पावतीपुस्तकात तेवढे दिसत नाही.

पक्षाच्या खर्चाला मर्यादा घालणारी आणि लहानमोठ्या प्रत्येक देणगीवर नाव लावणारी दुरुस्ती संसदेनेच करावयाची आहे, आणि ज्यांचे बहुमत आहे त्यांनी ती आणावी, ही अपेक्षा आपण आपल्याच प्रतिनिधींकडे मांडली पाहिजे. तोपर्यंत एक लहान काम मात्र कोणाच्याही परवानगीवाचून होण्यासारखे आहे. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला आपला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे एक रुपया भरून तो कोणाही नागरिकाला पाहता येतो. माळशिरसच्या उमेदवारांचे हिशेब त्यासाठी सोलापूरला जाऊन पाहावे लागतील. गावात किती गाड्या फिरल्या, किती मंडप पडले, किती पंगती उठल्या, हे आपल्या कार्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. ते वहीत लिहून न्यावे आणि त्या हिशेबाशेजारी ठेवावे. आपल्या उमेदवाराचा हिशेब आधी, दुसऱ्याचा मागाहून.